जुन्या टीव्हीवरून डिजिटल प्रक्षेपणाकडे : इंदूरच्या मराठी घरांसाठी मार्गदर्शन

इंदुरातील रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर यांसारख्या वस्त्यांमधील जुन्या मराठी घरांत वरच्या मजल्यावर किंवा आजी-आजोबांच्या खोलीत पिक्चर ट्यूबचा एखादा टीव्ही अजूनही सुस्थितीत असतो, पण गच्चीवरच्या अँटेनाची किंवा जुन्या केबलची तार जोडली तरी त्यावर मुंग्यांखेरीज काहीही दिसत नाही. टीव्ही बिघडला असे समजून तो भंगारात काढला जातो. वास्तविक बहुतेक वेळा टीव्ही उत्तम असतो. त्याला समजेल असे प्रक्षेपण मात्र आता कोणी पाठवत नाही. असा टीव्ही पुन्हा सुरू करू इच्छिणाऱ्या, किंवा बंद असलेले घर उघडून नव्याने संसार मांडणाऱ्या आणि या विषयाची काहीही माहिती नसलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

प्रथम हे बदलले का, ते थोडक्यात समजून घ्यावे. जुन्या, म्हणजे ॲनालॉग, पद्धतीत एक वाहिनी ७ किंवा ८ मेगाहर्ट्‌झ रुंदीची पूर्ण जागा अडवून बसत असे, त्यामुळे केबलच्या तारेतून शंभरेक वाहिन्यांपलीकडे जाता येत नव्हते. डिजिटल पद्धतीत चित्र संक्षिप्त करून पाठवले जात असल्याने त्याच जागेत अनेक वाहिन्या मावतात. दुसरे कारण हिशेबाचे होते. ॲनालॉग केबलमध्ये कोणत्या घरात काय पाहिले जाते हे कळण्याचा मार्गच नव्हता आणि ग्राहकांची खरी संख्याही पुढे येत नव्हती. म्हणून केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने डिजिटल केबल सक्तीची करण्यात आली. पहिला टप्पा महानगरांचा होता. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांमध्ये इंदूर होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. दूरदर्शनने आपली हवेतून येणारी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रेही पुढे बंद करत आणली आणि २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाची मोजकी ठिकाणे वगळता ती जवळजवळ सर्व थांबली. तेव्हा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ती जुनी अँटेना कितीही फिरवली तरी आता उपयोग नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारे डिजिटल प्रक्षेपण, सुरू केले त्यांत इंदूरही होते, परंतु ती सेवा दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्यांपुरती आहे आणि तिला वेगळा ट्यूनर, म्हणजे प्रक्षेपण पकडणारा भाग, लागतो. घराची मुख्य सोय म्हणून तिचा विचार करू नये.

पहिली पायरी : कागद घेऊन वाहिन्या लिहाव्यात

दुकानात जाण्यापूर्वी, किंवा केबलवाल्याला बोलावण्यापूर्वी, घरातील प्रत्येकाला विचारून तो खरोखर कोणत्या वाहिन्या पाहतो त्यांची यादी करावी. हे काम क्षुल्लक वाटते. माझ्या मते मात्र संपूर्ण प्रक्रियेत हेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि इंदुरात तर विशेषच. पुण्यात किंवा नागपुरात कोणताही सर्वसाधारण पॅक घेतला तरी त्यात मराठी वाहिन्या आपोआप येतात. आपल्याकडे विकले जाणारे पॅक साधारणतः हिंदी प्रेक्षक समोर ठेवून बेतलेले असतात आणि त्यांत झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी किंवा झी टॉकीज असतीलच याची खात्री नसते. आमच्या घरी नवी जोडणी घेतली तेव्हा विक्रेत्याने ‘सगळ्या वाहिन्या आहेत’ असे सांगितले, आम्ही विश्वास ठेवून सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले, आणि संध्याकाळी आईने मालिका लावायला घेतली तेव्हा त्यात एकही सशुल्क मराठी वाहिनी नाही असे आढळले. तिचा तो उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. पैसे भरण्यापूर्वी दोन मिनिटे यादी ताडून पाहिली असती तर हे टळले असते.

दराची रचनाही येथेच समजून घ्यावी. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, व्यवस्थेनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहक एकेक वाहिनी सुटी निवडू शकतो. याखेरीज जोडणीचे मासिक शुल्क वेगळे असते. ते सुरुवातीला १०० वाहिन्यांसाठी कर वगळून जास्तीत जास्त १३० रुपये होते, २०२० मध्ये त्याच रकमेत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले, आणि २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणून आता प्रत्येक कंपनीला ‘जोडणी शुल्क किती आणि त्यात किती वाहिन्या’ असा प्रश्न स्पष्टपणे विचारून उत्तर संदेशाद्वारे मागवावे. एक उच्च दर्जाची, म्हणजे एचडी, वाहिनी या मोजणीत दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली जाते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर एचडीचा काहीही लाभ दिसत नाही, त्यामुळे तेथे सर्व वाहिन्या साध्याच घ्याव्यात. मासिक खर्चात चांगला फरक पडतो. मूळ हिंदी पॅकवर मराठी वाहिन्यांचा लहान पूरक पॅक घेणे स्वस्त पडते, की यादीतील चार-पाच वाहिन्या सुट्या घेणे, याची बेरीज दोन्ही प्रकारे करून पाहावी. ज्या घरात दोनच मालिका पाहिल्या जातात तेथे सुट्या वाहिन्या पुष्कळदा स्वस्त ठरतात.

दुसरी पायरी : मार्ग निवडावा

यादी हातात आली की मार्ग जवळजवळ आपोआप ठरतो. यादीत सशुल्क मराठी वाहिन्या असतील तर डिजिटल केबल किंवा सशुल्क डीटीएच (घरच्या डिश अँटेनाने, म्हणजे तबकडीने, थेट उपग्रहावरून घेतली जाणारी सेवा), म्हणजे टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच किंवा सन डायरेक्ट, यांपैकी एक घ्यावे लागेल. दूरदर्शन, सह्याद्री, बातम्या, जुने हिंदी चित्रपट आणि भजने एवढ्यावर घर समाधानी असेल, तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा पुरेशी आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला दरमहा काहीच भरावे लागत नाही. तबकडी आणि सेट टॉप बॉक्स, म्हणजे डिजिटल संकेत टीव्हीला समजेल अशा रूपात देणारी पेटी, यांचा खर्च एकदाच होतो. मुंबई केंद्राची सह्याद्री वाहिनी तिच्यावर मिळते, आणि मालव्यात राहणाऱ्या वृद्ध मराठी माणसाला संध्याकाळी शुद्ध मराठीत बातम्या ऐकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. फ्री डिशवरील खासगी वाहिन्या लिलावाने जागा घेतात, म्हणून त्या बदलत असतात. आज दिसणारी एखादी खासगी मराठी वाहिनी पुढच्या वर्षीही दिसेल असे गृहीत धरून ही सेवा घेऊ नये.

केबलबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. गल्लीत केबलवाला विश्वासू असेल, बोलावल्यावर येत असेल, आणि घर उंच इमारतींनी वेढलेले असल्याने गच्चीवरून आकाश नीट दिसत नसेल, तर केबलच घ्यावी. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स लागतो, हे मात्र आधीच लक्षात ठेवावे. ॲनालॉगच्या काळात एका तारेचे तीन फाटे काढून तीन खोल्यांत टीव्ही लावत असत, तसे आता होत नाही. बॉक्स विकत दिला आहे की वापरण्यापुरता, अनामत किती, आणि परत करताना ती मिळेल का, हे पावतीवर लिहून घ्यावे.

तिसरी पायरी : टीव्हीच्या मागे पाहावे

टीव्ही वळवून त्याच्या मागच्या बाजूला कोणती भोके आहेत ते पाहावे, आणि शक्य असल्यास मोबाइलने छायाचित्र काढून दुकानात न्यावे. चपटे, रुंद एचडीएमआय भोक असेल तर एका तारेने चित्र आणि आवाज दोन्ही जातात. पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन गोल सॉकेट असतील तर एव्ही तार लागेल : पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोनांतून आवाज. जुन्या टीव्हीला आवाजाचे एकच भोक असेल तर त्यात पांढरी पिन लावावी. काही नव्या टीव्हींना ही तीन सॉकेट नसतात, त्यांऐवजी इअरफोनसारखे एक बारीक भोक असते आणि त्यासाठी वेगळी जोडतार मिळते.

अगदी जुन्या टीव्हीला केवळ अँटेनाचे भोक असते. तोही वाया गेला असे समजू नये. सेट टॉप बॉक्सच्या एव्ही बाजूला आरएफ मॉड्युलेटर नावाची लहानशी डबी जोडली की ती बॉक्सचे चित्र पुन्हा जुन्या ॲनालॉग वाहिनीत रूपांतरित करतो; डबीवर लिहिलेल्या चॅनलवर टीव्ही हाताने ट्यून करून ते पहिल्या क्रमांकावर साठवावे. महाराणी रोडवरील विजेच्या सामानाच्या बाजारात किंवा जेल रोडवर अशा वस्तूंची चौकशी करावी. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज शिल्लक राहू शकते.

याउलट नवा टीव्ही घेणार असाल, तर त्याच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचा संकेत थेट वाचणारा भाग) असा उल्लेख आहे का ते पाहावे. असल्यास फ्री डिशची तार थेट टीव्हीत लावता येते आणि निःशुल्क वाहिन्या बॉक्सशिवाय दिसतात.

चौथी पायरी : तबकडीची जागा आणि दिशा

सशुल्क डीटीएच घेतल्यास तबकडी कंपनीचा माणूस बसवतो, फ्री डिश मात्र पुष्कळ जण स्वतः किंवा ओळखीच्या कारागिराकडून बसवतात. दोन्ही प्रसंगी आपण समोर उभे राहून जागा स्वतः ठरवावी, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून असते.

फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. इंदूर साधारण ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आणि २२.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने, येथून हा उपग्रह आग्नेय दिशेला, दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ४० अंश, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर आहे. होकायंत्रावर ही दिशा १४० अंशांच्या आसपास येते. मोबाइलमधील होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी पाइप, पाण्याची टाकी आणि कठडा यांच्यापासून दूर उभे राहावे, नाहीतर सुई चुकीची दिशा दाखवते. ५७ अंश ही उंची बरीच असल्याने शेजारच्या भिंतीची फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही : समोरची भिंत तबकडीपेक्षा ३ मीटर उंच असली तरी ती २ मीटरपेक्षा थोडी लांब असल्यास आड येत नाही.

झाडांची गोष्ट वेगळी आहे. माझ्या काकूंच्या घरी मार्चअखेर तबकडी बसवली, तेव्हा अंगणातील पिंपळाची पाने गळालेली होती आणि फांद्यांमधून आकाश स्वच्छ दिसत होते. आषाढ लागेपर्यंत झाड भरून आले आणि चित्र अडखळू लागले. बॉक्स बदलला, तार बदलली, दोनदा कारागीर आला, तरी कारण कोणाच्या ध्यानात येईना. ओल्या पानांतून हा सूक्ष्म लहरींचा संकेत जवळजवळ पार होत नाही. म्हणून जागा निवडताना झाड आज कसे दिसते यावर न जाता ते पावसाळ्यात किती पसरेल याचा अंदाज घ्यावा.

दिशेची खात्री करण्याचा एक सुंदर नैसर्गिक उपाय आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी ११ च्या सुमारास, इंदूरहून पाहिले असता सूर्य याच उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी नियोजित जागेवर ऊन पडत असेल तर उपग्रहाचा मार्ग मोकळा आहे, सावली पडत असेल तर आड काहीतरी आहे. (याच दिवसांत काही मिनिटे चित्र आपोआप जाते आणि परत येते; तो बिघाड नव्हे, म्हणून तबकडीला हात लावू नये.)

पाचवी पायरी : बसवणे आणि संकेत मिळवणे

तबकडीचा खांब पूर्ण उभा असला पाहिजे. ओळंबा लावून तपासावा. खांब कललेला असेल तर तबकडी डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते आणि उपग्रह सापडत नाही. आपल्याकडील तबकड्या तिरप्या रचनेच्या असतात, त्यामुळे ५७ अंशांवर लक्ष्य असतानाही तबकडीचा चेहरा बराच खाली पाहत असल्यासारखा वाटतो. नवशिके येथे हमखास फसतात आणि तबकडी आकाशाकडे तोंड करून ठेवतात. डोळ्यांवर न जाता तबकडीच्या मागील पट्टीवर असलेल्या अंशांच्या खुणा वापराव्यात.

आता तबकडीसमोरील एलएनबीपासून, म्हणजे तबकडीवर गोळा होणारा संकेत पकडणाऱ्या भागापासून, बॉक्सपर्यंत तार ओढावी. ती आरजी-६ जातीची, ७५ ओहमची आणि शक्यतो एकसंध असावी. मध्ये जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळली की पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी शिरते. जुन्या केबलची भिंतीत गाडलेली तार वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. तार घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळातून ठिबकून जाते, भिंतीतून आत येत नाही. तार जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा, कारण याच तारेतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो आणि तारेच्या आतल्या जाळीदार वेणीचा एखादा धागा मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तर बॉक्स जळू शकतो. पुरवठा दोन प्रकारचा असण्याचे कारण असे, की व्होल्ट बदलून बॉक्स उभ्या किंवा आडव्या लहरींची निवड करतो. त्यामुळे एका एलएनबीची तार साध्या स्प्लिटरने, म्हणजे तारेचे फाटे काढणाऱ्या जोडाने, दोन बॉक्सना दिली, तर एका खोलीतील चॅनल बदलल्यावर दुसऱ्या खोलीतील चित्र जाते. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांची एलएनबी घ्यावी.

फ्री डिशचा बॉक्स घेताना तो एमपेग-४ या चित्र संक्षिप्त करण्याच्या नव्या पद्धतीचा आहे याची खात्री करावी. केवळ एमपेग-२ वाचणारा जुना बॉक्स स्वस्त मिळतो, पण नव्या पद्धतीच्या वाहिन्या त्यावर उमटत नाहीत. बॉक्सच्या मेन्यूमध्ये एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५० आणि १०६००, असा निवडावा आणि उपग्रहाच्या यादीत ९३.५ अंश पूर्व शोधावे. जुन्या बॉक्समध्ये तेथे इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट प्लस असे नाव असू शकते. ते याच जागेचे आहे.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात : एक संकेताच्या जोराची आणि दुसरी गुणवत्तेची. जोराची पट्टी तबकडी रिकाम्या आकाशाकडे असतानाही बरीच भरलेली दिसते, कारण ती तार आणि एलएनबी जिवंत असल्याचे सांगते, उपग्रह सापडल्याचे नव्हे. लक्ष गुणवत्तेच्या पट्टीवर ठेवावे. एकाने खाली पट्टी पाहत फोनवर सांगावे आणि दुसऱ्याने वर तबकडी अगदी सावकाश, बोटभर हलवून प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला संकेत ओळखायला तेवढा वेळ लागतो. गुणवत्ता दिसू लागली की उंची, मग दिशा, आणि शेवटी एलएनबी आपल्या पकडीत किंचित फिरवून ती वाढवत न्यावी.

चित्र दिसले की काम झाले, असे मानून येथे थांबणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ॲनालॉगमध्ये संकेत कमी पडला की चित्रात मुंग्या येत, दुहेरी सावल्या पडत, आणि काहीतरी बिनसले आहे हे आधीच कळत असे. डिजिटल चित्र संकेत काठावर असतानाही तितकेच निर्मळ दिसते, आणि काठाखाली गेले की चौकटी-चौकटी होऊन एकदम नाहीसे होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत काठावर जमवलेली तबकडी मृगाच्या पहिल्या सरीला दगा देणारच, कारण जोरदार पावसात संकेत क्षीण होतो. म्हणून गुणवत्ता जास्तीत जास्त होईपर्यंत मेहनत घ्यावी, मग सर्व बोल्ट आळीपाळीने आवळावेत, आणि आवळताना ती घसरली नाही ना, हे पुन्हा पाहावे. इतके करूनही मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटे चित्र गेले, तर वाट पाहावी. विजा कडाडत असताना मात्र गच्चीवर जाऊ नये. वादळ येणार असे दिसताच बॉक्स आणि टीव्ही यांचे प्लग, तसेच तबकडीची तार काढून ठेवावी.

सहावी पायरी : बॉक्स आणि रिमोट यांची घडी बसवणे

टीव्हीच्या रिमोटवरील सोर्स किंवा एव्ही बटण दाबून योग्य जोडणी निवडावी. नव्याने डिजिटलकडे आलेल्या घरांत ‘टीव्ही चालत नाही’ ही तक्रार बहुधा एवढ्यावरूनच येते. जुन्या टीव्हीवर माणसे उभट किंवा कडेला कापलेली दिसत असतील तर बॉक्सच्या मेन्यूमध्ये पडद्याचे प्रमाण ४:३ करावे. सशुल्क जोडणी सुरू झाल्यावर पहिल्या दिवशीच आपली यादी हातात घेऊन प्रत्येक वाहिनी लावून पाहावी, ग्राहक क्रमांक व बॉक्सवरील व्हीसी, म्हणजे व्ह्यूइंग कार्डचा, क्रमांक वहीत लिहून ठेवावेत, आणि एखादी वाहिनी दिसत नसेल तर ग्राहक सेवेकडे नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. तेथे दाद न लागल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता येते.

जुना टीव्ही खरोखरच चालेनासा झाला असेल, तर त्याची ट्यूब फोडून तांबे काढणाऱ्याला तो देऊ नये, कारण तिच्या काचेत शिसे असते. आपल्या शहरात इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा घेतला जातो, त्यातच तो द्यावा.

शेवटचे काम घरातील ज्येष्ठांसाठी करावे. त्यांना पूर्वी बारा बटणांचा टीव्ही ठाऊक होता. आता दोन रिमोट आणि तीन-चार आकडी क्रमांक समोर येतात, आणि चुकीचे बटण दाबले जाईल या भीतीने ते टीव्ही लावणेच सोडून देतात. बॉक्समधील आवडत्या वाहिन्यांच्या यादीत त्यांच्या पाच-सहा वाहिन्या आधी भराव्यात, त्यांचे क्रमांक मोठ्या देवनागरी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी लावावेत, टीव्हीच्या रिमोटवरील नको असलेली बटणे कागदी पट्टीने झाकावीत, आणि आपण शेजारी बसून त्यांच्या हातून चार-पाच वेळा टीव्ही सुरू व बंद करवून घ्यावा.